चौथी आली तरी चालेल

आमची मुलगी मोटारसायकलच्या शर्यतीत उतरते, हे मी ऑफिसात दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची म्हणून नव्हे. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "भीती नाही वाटत?" त्याचं खरं उत्तर मला जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून द्यायचं नव्हतं.

मी केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात नोकरी करतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासत आलो. मुलगी मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासते, म्हणजे धंदा तसा एकच. पण शनिवार-रविवार मिळाला की ती चामड्याचा सूट चढवते आणि दीडशेच्या वेगाने वळणात गुडघा टेकवते. यातलं तिने माझ्याकडून काय घेतलं, ते मला अजून सापडलेलं नाही.

मागच्या मोसमात ती दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर पडली. आपल्या मागे कोण किती जवळ आलंय, ते बघायला तिने मान वळवली होती. तेवढंच निमित्त झालं. गळ्याजवळचं हाड मोडलं, पट्टी घातली. महिनाभर तिची वेणी तिच्या आईने घातली आणि वेणी घालताना दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

हाड जुळल्यावर एका रविवारी आईनेच विषय काढला.

"एकदा काय ती चॅम्पियन हो आणि सोड."

"अच्छा. आणि नाही झाले तर?"

"तर होईपर्यंत चालव. पण झालीस की बास. पुढचं वर्ष नाही, मोठी गाडी नाही, काही नाही."

मुलीने पोह्यातली मिरची बाजूला काढली. "बिल्कुल," ती म्हणाली. "पण मग मधेच रडारड नाही हां, आई."

ती उठून गेल्यावर मी बायकोला म्हणालो की ही अट उलटी आहे. लवकर सुटायचं तर तिला जिंकावं लागेल आणि जिंकायचं तर जोरात चालवावं लागेल.

"मला कळत नाही होय?" बायको म्हणाली. "पण नुसतं 'सोड' म्हटलं, तर ती घर सोडेल, गाडी नाही."

तेव्हापासून त्या मोसमात अजिंक्यपदाची सगळ्यात जास्त घाई मुलीला नव्हती. आम्हा दोघांना होती.

शेवटची फेरी आमच्याच बाजूला होती, ग्रेटर नोएडाच्या पुढच्या ट्रॅकवर. एकच शर्यत उरली होती आणि मुलगी गुणतक्त्यात तेरा गुणांनी पुढे होती. तिच्या मागे दक्षिणेकडचा एक मुलगा होता. वयाने लहान, स्वभावाने गरीब, पण गाडीवर बसला की अंगात काही संचारल्यासारखा. पहिल्याला पंचवीस गुण, चौथ्याला तेरा, पाचव्याला अकरा. म्हणजे तो पहिला आला आणि ही चौथी आली, तर अजिंक्यपद एका गुणाने आमचं. ही पाचवी आली, तर एका गुणाने त्याचं. मी ही बेरीज इतक्या वेळा केली की बायको झोपेतही सांगू शकली असती. गाडीतून जातानाही ती तेच पुटपुटत होती, "चौथी आली तरी चालेल, चौथी आली तरी चालेल."

ट्रॅकवर मला एक काम होतं. शर्यतीत स्वाराला कानात काही ऐकू येत नाही. सरळ पट्ट्यावरून जाताना पिटच्या, म्हणजे गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या जागेच्या, भिंतीवरून त्याला एक काळा बोर्ड दाखवतात, त्यात आकड्यांच्या पिवळ्या पट्ट्या सरकवलेल्या असतात. कितवा नंबर, किती लॅप, म्हणजे ट्रॅकच्या चकरा, उरले, पुढच्याशी किंवा मागच्याशी किती सेकंदांचं अंतर. तो वाचायला स्वाराला पापणी लवेपर्यंत वेळ मिळतो. आधी हा बोर्ड आमचा मेकॅनिक धरायचा. करोलबागेतला हुशार माणूस, पण सात दशांशाला एक म्हणणारा. मागच्या मोसमातल्या त्या पडण्यानंतर मुलीने सांगून टाकलं, "बोर्ड बाबाकडे द्या. बाबा पॉइंट चारला अर्धा म्हणत नाही. बोर्ड बरोबर असला की मला मागे वळून बघायला नको." आणि मला वेगळं बजावलं, "फक्त आकडे हां, बाबा. सल्ला नाही. शब्द लावायचा तर फक्त गाडीचं काही बिघडलेलं दिसलं तरच."

जानेवारीचं धुकं त्या सकाळी उठायलाच तयार नव्हतं. शर्यत पुढे ढकलत ढकलत शेवटी आठ लॅपची सहा लॅपची केली. दुपारीही हवेत करडा पडदा होताच. पिटच्या भिंतीवरून आम्हाला सरळ पट्टा दिसत होता, पहिलं वळण दिसत होतं आणि दुसऱ्या टोकाला शेवटचं वळण अर्धवट. बाकी सगळा ट्रॅक आम्हाला फक्त ऐकू येत होता.

सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि सगळ्या गाड्या एका घोळक्यात पहिल्या वळणात घुसल्या. तो मुलगा पहिल्याच लॅपला पुढे गेला. आमची तिसरी.

आवाज लांब जायचा, पातळ व्हायचा, मग नाहीसाच व्हायचा. त्या शांततेत मला माझ्या श्वासाचीही अडचण व्हायची. मग शेवटच्या वळणाकडून गुणगुण यायची आणि धुक्यातून एकेक हेल्मेट बाहेर यायचं. मी गाड्या मोजत नव्हतो. मी मुलीचं हिरवं हेल्मेट शोधत होतो. ते दिसलं की घड्याळ दाबायचं, आकडा काढायचा, पट्ट्या सरकवायच्या आणि ती समोर यायच्या आत बोर्ड बाहेर धरायचा. माझे दोन्ही हात कामात होते. बायकोच्या हातांना काही काम नव्हतं.

"तिला सांगा ना," ती म्हणाली. "चौथी आली तरी चालेल म्हणून."

"तिला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं. बघा कशी चिकटून चालवतेय त्या दुसऱ्याला."

तीन लॅप उरले होते. माझ्या एका हातात घड्याळ होतं आणि दुसऱ्या हाताने मी बोर्डाचा दांडा भिंतीपलीकडे नेत होतो. तेवढ्यात बायकोने शालीखालून एक पट्टी काढली आणि खालच्या खाचेत सरकवली. आकड्यांच्या पट्टीएवढीच, तशीच पिवळ्या रंगाने घरी रंगवून आणलेली. बोर्ड बाहेर गेल्यावर मला तिच्यावरचं अक्षर दिसलं. "जपून," असं लिहिलं होतं.

मुलगी समोरून गेली. तिचं डोकं बोर्डाकडे वळलं आणि, जे कधी होत नसे, क्षणभर तिथेच राहिलं. मग ते खाली झुकलं, इंजिनाकडे. डाव्या बाजूला, नंतर उजव्या. पुढच्या दोघांचे ब्रेक लागले, गाड्या वळणात झुकल्या. ही सरळच गेली.

ती ट्रॅक सोडून बाहेरच्या खडीत शिरली तेव्हा गाडीचं मागचं चाक एकदा डावीकडे आलं, एकदा उजवीकडे. धुरळा उठला. त्यात हिरवं काही दिसेना. माझ्या शेजारी कोणीतरी "गयी" म्हणालं. तो आमचा मेकॅनिकच होता, हे मला नंतर कळलं. मग धुरळ्याच्या पलीकडच्या कडेने ती बाहेर आली, उभी, हळूहळू, आणि पुन्हा डांबरावर चढली. तोवर दोन गाड्या पुढे गेल्या होत्या.

मेकॅनिकने पट्टी ओढून काढली. "आंटी, ये क्या लगा दिया?"

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. "माझ्यामुळे?" तिने मला विचारलं. मी पट्ट्यांची पेटी चाळत होतो. माझ्याजवळ तेव्हा उत्तर द्यायला वेळ नव्हता, आणि मला त्याचं बरं वाटलं.

दोन लॅप उरले. मुलगी पाचवी होती. पण खडीतून गाडी उभी ठेवून बाहेर काढणाऱ्या माणसाला आपल्या बाजूने एक गेला की दोन, हे कळलेलं असेलच असं नाही. पुढची गाडी तर तिला दिसणार. ती गाडी तिसरी की चौथी, हे तिला फक्त माझा बोर्ड सांगणार होता.

"चार लावा," बायको म्हणाली.

"पाच आहे."

"पाच आहे, मला मोजता येतं. चार लावा तुम्ही. तिला वाटेल झालं. अशीच येईल आपली, शांतपणे."

चारची पट्टी माझ्या हातात होती. खरंच होती. चार लावला, तर ती उरलेले दोन लॅप जपून चालवेल, धडधाकट घरी येईल, अजिंक्यपद एका गुणाने जाईल आणि पुढचं अख्खं वर्ष आम्ही पुन्हा या भिंतीवर उभे राहू. पाच लावला, तर ती आत्ता, या धुक्यात, समोरच्याच्या अंगावर जाईल. तत्त्व म्हणून मी खरा आकडा लावला, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला एवढंच दिसलं की संध्याकाळी निकालाचा कागद तिच्या हातात पडेल, आणि त्यानंतर ती जेव्हा जेव्हा इथून जाईल तेव्हा तेव्हा बोर्डावर विश्वास न ठेवता मान मागे वळवेल.

मी पाच लावला. त्याखाली अंतर, शून्य पॉइंट नऊ. बायकोने माझा कोपर धरला होता, तो तिने सोडला.

मुलीने बोर्ड पाहिला आणि ती गाडीच्या टाकीवर पोटाने आडवी झाली. पुढच्या वेळी ती आली तेव्हा अंतर शून्य पॉइंट तीन होतं. तेही मी दाखवलं. शेवटचा लॅप.

आवाज लांब गेला. पातळ झाला. नाहीसा झाला. बायको भिंतीकडे पाठ करून, डोळे मिटून उभी होती. त्या लॅपमध्ये मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट ठरवत होतो, की आवाज मधेच तुटला तर मी आधी बायकोला धरायचं की धावायचं.

तो मुलगा आला. शेजारच्या पिटमध्ये आरडाओरडा सुरू झाला. दुसरा आला. तिसरा आला. मग शेवटच्या वळणातून दोन गाड्या एकदम, कोपराला कोपर, आतली हिरवी. सरळ पट्ट्यावर दोघांची चाकं शेजारी होती, पट्टा संपला तरी शेजारीच होती.

"कितवी?" बायकोने डोळे न उघडता विचारलं.

"उभी आहे," मी म्हणालो.

घड्याळ दाबायचं मी विसरलो होतो. आकडा आम्हाला पडद्यावरून कळला, इतरांना कळला तसाच. ती पाचवी आली होती. अंतर इतकं कमी होतं की माझ्या हातातल्या घड्याळाने ते पकडलंही नसतं.

ती पिटमध्ये आली, गाडी मेकॅनिकच्या हातात दिली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ हेल्मेट काढलं नाही. मग काढलं.

"शेवटचा बोर्ड पॉइंट तीनच होता ना, बाबा?"

"तीनच."

"मलाही तेवढंच वाटलं." तिने एक हातमोजा ओढून काढला. "आणि तो शब्द कोणी लावला?"

"मी," तिची आई म्हणाली.

"मला वाटलं ऑइल गळतंय. नाहीतर चेन गेली. यार आई, बोर्डावर शब्द उगाच असतो का? काय जपायचं, ते तरी लिहायचंस!" ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा चेहरा वाकडा झाला. तिने तो हातमोज्यात झाकला. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना उभे होतो. तिला हात लावावा की नाही, हे आम्हाला ठरवता येईना.

मग ती हातमोज्यातूनच म्हणाली, "सोडू का? तुला हवं असेल तर सोडते मी, आई. आत्ता मला काहीच वाटत नाहीये. बोल."

वर्षभर मी याच वाक्याची वाट पाहिली होती. मी बायकोकडे पाहिलं. 'हो म्हण' एवढंच माझ्या चेहऱ्यावर असणार, कारण तिने लगेच नजर काढून घेतली.

"झालीस का चॅम्पियन?" ती मुलीला म्हणाली. "नाही ना? मग ठरलं ते ठरलं. आज माझ्यामुळे गेलं म्हणून तुला सोडायला लावू? ऊठ, कपडे बदल. घामाने भिजलीयेस, थंडी वाजेल."

मुलगी उठून आत गेली. थोड्या वेळाने मला बायको टेम्पोच्या मागे, जुन्या टायरांच्या थप्पीवर बसलेली सापडली. दोन्ही तळहात तिने मांडीवर उलटे ठेवले होते.

"हो म्हणायला हवं होतं का हो मी?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला सगळं माहीत असतं."

"हे नाही."

मेकॅनिकने हाक मारली. गाडी टेम्पोत चढवायला तिसरा हात हवा होता. मी निघेपर्यंत बायको उठली, शाल कमरेला खोचली आणि जाऊन गाडीचं मागचं टोक धरलं.