गेटवरचा फोन आणि चौदा नंबरचा खण

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, दोन गोष्टींचे ढीग लागतात. एक सरकीचा, दुसरा किश्शांचा. सरकी तेलवाले येऊन भरून नेतात, किस्से मात्र गेटवरच पडून राहतात! आणि गेटवर बावीस वर्षं मी बसलो. वडनेर भोलजीच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या एका जिनिंगचा मी टाईमकीपर. हजेरी माझी, गेट माझं आणि झडतीही माझीच.

झडती कशाला? तर कापूस! एक ठिणगी पडली की गंजी गेली, शेड गेलं, माणसंही गेली. म्हणून माझ्या मागं भिंतीवर लाकडी खण होते, प्रत्येक कामगाराचा नंबर टाकलेले. आत जाताना बिडी, माचिस, सिगारेट, लायटर आपापल्या खणात ठेवायचं आणि सुट्टी झाली की परत घ्यायचं.

कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा गोपाल एकदा डोक्याच्या रुमालाखाली, कानामागं बिडी लपवून आत निघाला. धरला मी.

"काऊन बे? हे काय हाय?"

"काका, पेटवत नाई मी. नुसती संगत म्हून ठेवली!"

सगळ्यांचे खिसे मी तपासायचो. माझे कोण तपासणार? माझं पाकीट आणि माझा खोकला, दोघंही बिनधास्त आत-बाहेर फिरायचे.

*

गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीचीही पार वाट लावली, त्या वर्षी आसपासच्या गावांतली बरीच पोरं शेत सोडून आमच्याकडं आली. त्यातलाच एक अस्लम. एकवीस वर्षांचा, चौदा नंबरचा खण त्याचा. मशीनला नुसता कान लावून सांगायचा, "काका, बेअरिंग गेली." आमचे म्हातारे फिटर हंगाम संपला की घरी बसणार होते. त्यांची जागा अस्लमला द्यायची, असं शेठच्या मनात होतं. उंद्री गावच्या एका मुलीशी त्याच्या लग्नाचं चाललं होतं आणि तिच्या वडिलांची अट एकच, "पोरगा पर्मनंट पाह्यजे."

आणि हा पठ्ठ्या बोअरच्या मागं सिगारेट ओढताना शेठलाच सापडला! म्हणजे एखादी माझ्या हातूनही सुटायची, कबूल करतो. शेठ एवढंच बोलले, "पुन्हा एकदा दिसलास, तर फिटर व्हायचं सोड, या गेटच्या आतही दिसणार नाहीस."

त्या दिवशी अस्लम सुट्टीनंतर गेला नाही. खणातलं सिगारेटचं पाकीट हातात घेऊन माझ्यासमोर बसून राहिला.

"काका, हे कंपनीवाले पागल झाले काय? माल बी विकतेत अन् त्याच्यावरच सिगारेट सोडायचा फोन नंबर बी छापतेत!"

"सरकार छापाले लावते त्याहिले. फुकट हाय फोन. लाव."

"तुम्हीच लावा. मले लाज वाटते."

लावला. स्पीकरही चालू केला, कारण मलाही ऐकायचं होतं. तिकडून एक मॅडम बोलल्या. आवाज शांत, भाषा एकदम शुद्ध. मी बाजूला खोकत बसलो आणि अस्लम बोलायला लागला.

"मॅडम, माह्या एका दोस्ताची सिगारेट सुटून नाई राह्यली."

"बरं. दोस्त दिवसाला किती ओढतो?"

"दोस्त... दहा."

"आणि दोस्ताचा घसाही तुमच्यासारखाच बसलाय का?"

गेटवर असा हशा पिकला, की वजनकाट्यावरचा माणूस काय झालं म्हणून धावत आला!

*

मॅडमनी सांगितलं, तलफ आली की लगेच तिचं ऐकायचं नाही. पाच मिनिटं थांबायचं. घोट घोट पाणी प्यायचं, बडीशेप चघळायची, दीर्घ श्वास घ्यायचे. दर काही दिवसांनी त्या स्वतःच आमच्या गेटवर फोन करायच्या.

पहिल्याच फोनला अस्लमची तक्रार तयार!

"मॅडम, तुमचा उपाय लय जालीम हाय. दहा श्वास घेतले, वीस शिंका आल्या!"

"कुठे उभे होता तुम्ही?"

"जिनच्या मशीनपाशी. तिथं हवा कमी अन् कापूसच जास्त उडते!"

मॅडम खळखळून हसल्या. "अहो, बाहेर येऊन घ्या श्वास!"

तेव्हापासून अस्लम गेटजवळच्या कडुनिंबाखाली येऊन श्वास घ्यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, पोरगं योगासनं शिकून राह्यलं.

*

मॅडम आणखी एक म्हणाल्या होत्या, "जवळच्या माणसांना सांगून ठेवा, ते मदत करतील." यानं कोणाला सांगावं? कापूस घेऊन ट्रॅक्टर लाईनीत उभे होते, त्या सगळ्यांना! झालं. नंतर जो शेतकरी माल घेऊन येई, तो कापसाच्या भावाआधी विचारी, "अस्लमभाऊ, आज कितवा दिवस?"

एकदा त्याचा धीर सुटला, गेला समोरच्या टपरीवर. टपरीवाल्यानं हातच पुढं केला नाही.

"तुले नाई देत. आज बारावा दिवस हाय, मले माईत हाय."

"अबे, तुहा धंदा हाय का काय हाय?"

"धंदा गेला खड्ड्यात. चहा घे अन् निघ!"

*

अस्लमचं पाहून बाकीची पोरंही फोनभोवती जमायला लागली. गोपाल जरा आगाऊच. त्यानं मॅडमना थेट विचारलं, "तुम्ही कधी ओढली काय? नाई नं? मंग तुमाले काय समजणार?"

मी त्याला टपली मारणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "नाही ओढली. माझे वडील ओढायचे. त्यांची सोडवता आली नाही मला. म्हणून इथे बसते."

मला नेमका तेव्हाच खोकला आला. गोपालनं कानामागची बिडी काढून टेबलावर ठेवली. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "माहं बी नाव लिहा."

*

अठराव्या दिवशी चुलतभावाच्या लग्नात अस्लमनं एक ओढली. दुसऱ्या दिवशी गेटवर आला तो रडवेला होऊन. मॅडमना म्हणाला, "सगळं वाया गेलं. आता नका करू मले फोन."

"एक ओढलीत ना? मग सतरा दिवस ओढली नव्हती, ते कुठे गेले? आज परत सुरू करायचं."

अस्लमनं डोळे पुसले. "म्हंजे दुबार पेरणी!"

"ती काय असते?"

"पह्यलं बी उगवलं नाई, तर शेत टाकून नाई देत मॅडम. परत पेरतेत."

मॅडम म्हणाल्या, "हे मी आता सगळ्यांना सांगणार आहे." पोराची छाती एवढी फुगली, की त्या दिवशी त्यानं दोन मशीनं दुरुस्त केली!

*

हंगाम संपायला आठ दिवस राहिले होते. भर दुपारी शेठ तणतणत गेटवर आले. हातात सिगारेटचं थोटूक, नुकतंच विझलेलं! गंजीच्या मागं सापडलेलं. वीतभर कापूस काळा पडला होता, हमालानं वेळीच बादली ओतली म्हणून वाचलो.

"अस्लमला बोलवा!"

अस्लम आला. शेठनी थोटूक दाखवलं. त्यानं मुकाट्यानं दोन्ही खिसे उलटे केले. बडीशेप आणि चार लवंगा पडल्या.

"नाटक नको. नीघ."

"शेठ, मी नाई ओढली," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक. उंद्रीची ती मुलगी मी कधी पाहिली नव्हती, पण त्या क्षणी मला तिचीच आठवण झाली.

मी उठलो.

"शेठ, त्याची नाई. माही हाय."

शेठ माझ्याकडं पाहतच राहिले. बावीस वर्षांत त्यांनी मला असं कधी पाहिलं नव्हतं. मग ते अस्लमकडं वळले. "फिटर, तू आत जा. प्रेस बंद पडलीय."

अस्लम आत गेला नाही. तो सरळ माझ्याजवळ आला, माझ्या खिशात हात घातला, सिगारेटचं पाकीट काढलं आणि चौदा नंबरच्या खणात ठेवलं. त्याचा खण कधीचाच रिकामा होता. मग पाकिटाकडं न बघता, तोंडपाठ नंबर फिरवला, स्पीकर चालू केला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

नशीब बघा, मॅडमही त्याच!

"बोला, कोणासाठी फोन केलाय?"

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. शेठसुद्धा.

"मॅडम... माह्या एका दोस्तासाठी."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "दोस्ताचा तो खोकला मी पहिल्या फोनपासून ऐकतेय, काका. वाटच बघत होते."