शांततेत तुटणारा कंट्रोलर

सकाळची बाजरीची पेज वोफा उभ्यानेच पीत. वायर गुंडाळताना तिला कधी पीळ पडू देत नसत. कोणी हाक मारली की आधी हसत, मग वळून बघत. घरी एक गाणं संपायच्या आत दुसरं लावत. जेवतानाही. आंघोळीला जातानाही.

आमच्या एजिसू गावात अंत्यविधींना गाणी वाजवायचं काम अग्येनिम करत. सगळे त्यांना वोफा म्हणत, म्हणजे मामा. माझं साहित्याचं शिक्षण संपलं होतं, नोकरी नव्हती. मी त्यांच्या अंगणात जाऊन बसे. त्यांची बायको फोसुआ गेल्यापासून तिथे दुसरं कोणी येत नसे.

गाणी लॅपटॉपमध्ये असत, पण वाजत ती यूएसबीने जोडलेल्या कंट्रोलरमधून, म्हणजे गाणी लावायच्या बटणांच्या पेटीतून. घरी तो दिवसभर चाले. अंत्यविधीत मात्र मृताबद्दलची भाषणं संपून वोफांनी बटण दाबलं की काहीच नाही. पडद्यावर एक ओळ: उपकरण जोडलेलं नाही. फोसुआच्या वेळीही तेच झालं. तिचा भाऊ बोआचे सगळ्यांदेखत म्हणाला, "बघा, बहिणीनेच तोडलं. जन्मभर ऐकून घेतलं, आता नको म्हणतेय."

शनिवारी फोसुआच्या वर्षाचा विधी होता. गाणी वाजवायला बोआचे दुसऱ्या कोणाला बोलावणार होता. वोफांनी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की शुक्रवारी येऊन बघायचं. चाललं तर वोफाच वाजवणार.

आम्ही वायर बदलली. दुसऱ्या पोर्टला लावून पाहिली. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला.

"चार वर्षं कविता शिकलीस ना, अदोमा? मग समजाव की कंट्रोलरला," वोफा म्हणाले.

"तुमचं ऐकत नाही, माझं काय ऐकणार?"

"माझं कोण ऐकतं? बोआचेला विचार."

शुक्रवारी दुपारी मी विचारलं, "वोफा, भाषणं चालू असताना तुम्ही काय करता?"

"काय करणार? गप्प बसतो. तेव्हा गाणं लावलं तर मार खाईन."

"आणि घरी कधी गाणं बंद ठेवलंय?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

वीज सारखी जाते, म्हणून त्यांनी लॅपटॉप कायम बॅटरी बचतीवर ठेवला होता. कंट्रोलरमधून काही वेळ आवाज गेला नाही की लॅपटॉप त्याला झोपवत होता, आणि तो पुन्हा उठत नव्हता. घरी गाणं थांबतच नसे. मी ती सेटिंग बंद केली.

"आता तपासायचं. भाषणांइतका वेळ काही लावायचं नाही. मग बटण दाबायचं."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं."

"मग तू थांब की."

"मी बोआचेंना घेऊन येते. त्यांच्यासमोरच दाबा."

त्यांनी फोसुआच्या आवडीचं गाणं तयार ठेवलं आणि चालू होतं ते थांबवलं. शेजारच्या कोंबड्या ऐकू यायला लागल्या.

बोआचे वाटभर चिडवत होता. "काय गं, माझ्या बहिणीचीपण सेटिंग बदललीस का?" अंगणात शिरताच तो जागीच थांबला.

वोफा खुर्चीत होते. मान एका बाजूला कललेली. मी हाक मारली. ते हसले नाहीत. नंतर डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

कंट्रोलरचा दिवा चालू होता. बोआचेने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"चालतोय?"

"गाणं लागलं तर कळेल," मी म्हणाले.

बटण दाबायचं राहिलं होतं.