एडवणचं नाक गळणारं पाखरू

"डॉक्टर, आजच्या आज कोंबड्या उचला! मला उद्या बोंबाबोंब नकोय." साहेब फोनवर ओरडत होते. मी एडवणला जनाबाईंच्या अंगणात उभी. हातात ग्लोव्ह्ज, तोंडावर मास्क आणि डोकं भणभणलेलं.

मी जनावरांची डॉक्टर. माहेर सोलापूरचं. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या विचारा. समुद्राशी माझा संबंध फक्त ताटातल्या माशापुरता.

प्रकरण असं. वादळी वारा झाला आणि सकाळी जनाबाईंना किनाऱ्यावर एक काळं पाखरू पडलेलं सापडलं. चिमणीपेक्षा जरा मोठं, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्यांना वाटलं, पाकोळी. दया आली म्हणून घरी आणलं आणि कोंबड्यांच्या डालग्याखाली, म्हणजे त्या झाकायच्या बांबूच्या टोपलीखाली ठेवलं. खारवलेली मासळी भिजवून भरवली. दुपारी पाखराचं नाक गळायला लागलं. पायांवर उभंही राहीना. शेजाऱ्याने ते बघितलं आणि 'बर्ड फ्लू' म्हणत आळी गोळा केली.

"नाक गळतंय, पाय लुळे. अजून काय पाहिजे तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"रिपोर्ट पाहिजे, सर."

"आणि तोपर्यंत पसरलं तर?"

मी फोन ठेवला आणि खुराड्याकडे वळले.

कोंबड्या उचलायच्या म्हणजे मारायच्या. जनाबाई खुराड्यासमोर फतकल मारून बसल्या. नवरा गेल्यापासून त्यांचं घर अंड्यांवर चाललेलं. "बाय, पाखरू माजं नाय, ते न्या. कोंबड्यांना काय झालं हाय? बगा तरी!" बघितल्या. सगळ्या ठणठणीत होत्या.

पाखरू पुन्हा उचललं. चोचीवर वरच्या बाजूला एक बारीक नळी, नाकपुड्या त्या नळीतच. हे काय भलतंच? समुद्रपक्ष्यांवर काम करणाऱ्या माझ्या वर्गमित्राला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"बोटांमधले पडदे पिवळे आहेत का?"

मी बोटं फाकवून पाहिली. "आहेत."

"अगं, स्टॉर्म पेट्रेल आहे ती! अंटार्क्टिकाकडच्या खडकांत घरटी करते, आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रात येते. पाकोळीशी काही संबंध नाही. अल्बेट्रॉस म्हणून भलामोठा समुद्रपक्षी असतो, त्याची भावकी."

"आणि नाक?"

"समुद्राचं पाणी पिते ना ती. डोळ्यांच्या वर ग्रंथी असते, जास्तीचं मीठ त्या नळीवाटे बाहेर टाकते. आणि पाय चालायचे नाहीतच. जमिनीवर ती अशीच बसते."

अरे देवा! आणि इथे तिला वर खारी मासळी भरवलेली!

गळणारा थेंब काचपट्टीवर घेतला आणि चुलीच्या उबेला धरला. वाळल्यावर पांढरे कण उरले. शेजाऱ्याला दाखवले. "हे मीठ आहे. शेंबूड वाळून असे खडे होत नाहीत."

"पन शंका हाय ना?"

"आहे. म्हणून तर पाखराचे आणि कोंबड्यांचे नमुने लॅबला जातायत." कोंबड्या खुराड्यात बंद ठेवायला सांगितल्या. पाखरू खोक्यात घालून बोईसरला दवाखान्यात आणलं. साहेबांना तसं कळवलं.

"जबाबदारी तुमची," ते म्हणाले.

"माझी, सर."

पाखरू काही खाईना. दुसऱ्या दिवशी खोकं उघडलं तर मान टाकलेली. मला रडू आलं, आणि त्याच्यामागोमाग भीती. आता सगळे म्हणणार, बघा, फ्लूच होता.

साहेब म्हणालेच. "मेलं? मग आता तरी उचला!"

"रिपोर्ट उद्या येतोय, सर. एक दिवस थांबा." साहेब थांबले, पण चडफडत.

रिपोर्ट आला, फ्लू नव्हता. मी स्वतः एडवणला गेले. जनाबाईंनी खुराडं उघडलं, कोंबड्या अंगणभर पांगल्या.

"आनि ते पाखरू?"

"गेलं."

"मी खारा भरवला म्हनून?"

"नाही हो. मीठ त्याला सोसतं. जमीन सोसत नाही."

तेव्हापासून अनोळखी पाखरू आलं की मी आधी त्याचं घराणं विचारते, रोग मागाहून. साहेबांनी मात्र एकच विचारलं, "मृत्यूचं कारण काय लिहायचं?"

"उपासमार आणि थकवा, सर," मी म्हटलं. "आणि रिपोर्टची वाट बघत आपण ते समुद्रात परत सोडलं नाही."

त्यांनी फक्त थकवा लिहिला.