दिरांनी सुचवलेली शेड

बूढ़ापाऱ्यात, शहराच्या जुन्या वस्तीत, भाड्याच्या दोन खोल्यांत मी शाळेची दप्तरं शिवून घ्यायचे. मशिनी चार, बाया चार. धाकटे दीर उद्योग खात्यात बाबू. एका रविवारी चहा पिता पिता तेच म्हणाले, "वहिनी, इथं काहून कोंडून घेतलं? शहराबाहेर शेड बांधा. नव्या कारखान्याले पहिली काही वर्षं मालमत्ता कर माफ आहे."

"उद्या सरकार पलटलं तर?"

"मी बसलो आहे नं तिथं."

यजमान का-कू करत होते. पण बाबांनी माझ्या नावानं ठेवलेला वर्ध्याचा प्लॉट मी विकला. शेड उभी राहिली. वास्तुपूजेला दीर सहकुटुंब आले. पंगतीत त्यांनी स्वतः बुंदी वाढली.

मशिनी हलवत होतो, तेवढ्यात पत्र आलं. करमाफी रद्द, उत्पादन सुरू न झालेल्यांना ती मिळणार नाही. मी हरकतीचा अर्ज घेऊन उद्योग खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाई भल्या होत्या. "दीदी, ये तो कब से चल रहा था," म्हणत त्यांनी फाइल माझ्याकडे वळवली. रद्द करण्याची पहिली टिप्पणी हातानं लिहिलेली. ते अक्षर मी ओळखलं. आमच्या घरच्या साऱ्या लग्नपत्रिकांवर पत्ते त्याच अक्षरात असतात. तारीख पूजेच्या तीन आठवडे आधीची.

तशीच चौबे कॉलनीत दिरांच्या घरी गेले.

"फाइलीतलं घरी सांगता येत नाही वहिनी, नोकरी जाते," ते म्हणाले. "आणि सवलत सारी मोठेच लोक खाऊन राहिले होते. बंद व्हायलेच पाहिजे होती."

"हव, करा नं बंद. मी कुठं नाही म्हणते? पण 'थांबा' एवढं तरी म्हणायचं होतं. नाहीतर पूजेले यायचं नव्हतं."

जाऊबाईंनी पाणी आणलं होतं. मी न पिताच निघाले.

दोघी बायांना एवढं लांब येणं जमलं नाही, त्यांनी काम सोडलं. अर्धी शेड मी एका लोणचेवाल्याला भाड्यानं दिली. त्या वासात आम्ही दप्तरं शिवतो. यजमान भावाशी फोनवर बोलतात, पण गच्चीवर जाऊन.

दिवाळीला दीर फराळाला आले. मी ताट वाढलं, बसले मात्र नाही. त्यांनी विचारलं, "शेड कशी चालली?"

"चालून राहिली," म्हटलं, आणि आत गेले.