वायर दाखव आधी

गाडी दुकानासमोर थांबली की काका बॉनेटकडे बघत नसत, नुसता हात पुढे करत. "वायर दाखव आधी." तुम्ही फ्यूज मागायला गेलेले असा, नाहीतर दुकान किती वाजता बंद होतं ते विचारायला, उत्तर हेच.

बडोद्याच्या पाणीगेटजवळ त्यांचं गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवून द्यायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक स्टूल आणि स्टुलावर बसलेला तिरसटपणा. अख्खा मोहल्ला त्यांना काका म्हणायचा, आणि त्यांना ते आवडायचं नाही.

पुतण्याच्या वरातीत माझी गाडी गाणी वाजवत पुढे चालणार होती. मी नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला होता, बॅटरीपासून डिकीपर्यंत कार्पेटखालून वायर स्वतः आणून टाकली होती. पण आवाज वाढवला की फ्यूज उडायचा. मी ऐटीत म्हणालो, "काका, चाळीसचा काढून ऐंशीचा द्या ने. अ‍ॅम्प्लिफायरवरच लिहिलंय, ऐंशी अँपिअर."

"तुझ्या कपाळावर काहीही लिहिलेलं असेल. वायर दाखव आधी."

माझी वायर चांगली करंगळीएवढी जाड होती. काकांनी तिचं टोक कापून रबर सोललं. आत तारांचा झुपका जेमतेम काडेपेटीच्या काडीएवढा. ब्लेडने खरवडल्यावर तांब्याचा रंगही निघाला आणि खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसलं.

"लुकड्या माणसाला दोन स्वेटर घातलेत," काका म्हणाले. "फ्यूज मशीनसाठी नसतो रे भाई, वायरसाठी असतो. ती सोसेल तेवढाच घालायचा. वायर बदल, नाहीतर तीसचा घाल आणि आवाज कमी ठेव."

वरातीत आवाज कमी? मी तडक अलकापुरीतल्या एका चकचकीत दुकानातून ऐंशीचा फ्यूज आणला.

वरात दणक्यात झाली. घरी येताना गाणी चालूच होती. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." गाडी थांबवून बघतो तर तिच्या पायाखालच्या कार्पेटमधून धूर. तिला ओढून बाहेर काढलं आणि बॅटरीची वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी जळकी वायर घेऊन, शिव्या खायच्या तयारीने काकांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "मागे कोण बसलं होतं?"

"आई."

ते जळक्या वायरीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "मीपण एकदा दिला होता मोठा फ्यूज. गिऱ्हाईक मागे लागलं म्हणून."

पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मला ह्या तिरसट माणसाबद्दल माया वाटू लागली. ती त्यांना कळणार नाही याची मात्र मी पुरेपूर काळजी घेतली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. बडोद्यात आता मराठी घरांतही बेसणं ठेवतात. पांढरे कपडे घालून जायचं, फोटोपुढे हात जोडायचे आणि भजन ऐकत बसायचं. भजन मध्यावर आलं आणि स्पीकर बंद पडला. मांडववाल्याने मशीनमधला उडालेला फ्यूज काढला आणि त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायला घेतली.

आम्ही पाच-सहा जण एकदमच उठलो. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. सगळे नुसते गिऱ्हाईक.

"वायर दाखव आधी," आमच्यातला एक म्हणाला.

वायर बारीक निघाली. उरलेलं भजन बिनमाइकचंच झालं.