वाऱ्याचा डोळा

मिस्त्रीने चाळीस वर्षांत लोकांच्या घरांना किती खिडक्या बसवल्या याची गणती नव्हती, आणि स्वतःच्या भाड्याच्या खोलीला मात्र एकही नव्हती. बायकोच्या छातीने दगा दिला, डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली, तेव्हा कुठे त्याने घरमालकाचे उंबरठे झिजवून तिच्या खाटेजवळची भिंत फोडायची परवानगी मिळवली.

पण माणूस महाहट्टी. आणलेलं सागवान ओलसर निघालं, म्हणून त्याने ते वाळत ठेवलं. ओल्या लाकडाची चौकट पुढे पिळते, आणि पिळलेली चौकट त्याच्या हातून कधी गेली नव्हती. एक महिना गेला, दुसरा गेला.

मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. आईची धाप ऐकून ती एकदा म्हणाली, "बाबा, विंडो हा शब्द कुठून आला माहितीये? उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या जुन्या भाषेतून. अर्थ काय, तर वाऱ्याचा डोळा. त्यांच्या घरांना ना काच, ना झडपा. धूर जायला, वारा यायला नुसतं भोक. तुम्हीही आज भोक पाडा, चौकट मागाहून लावा."

"चौकटीशिवाय भोक पाडतो तो चोर," मिस्त्री म्हणाला. "मी सुतार आहे."

बायको हसली, तेवढ्यानेही तिला दम लागला. "अगं, लग्नाला हो म्हणायलाही यांनी वर्ष घेतलं. मीही वाळतच पडले होते."

चौथ्या महिन्यात लाकूड मनासारखं वाळलं. तो चौकट जोडत होता त्याच आठवड्यात शेजारच्या मोकळ्या जागेत विटा येऊन पडल्या. मिस्त्री त्या जागेच्या मालकाच्या हातापाया पडला, वीतभर तरी जागा सोडा म्हणाला. कोण ऐकतंय? भिंतीला भिंत भिडली. दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं, हे त्याला आतून खात राहिलं.

"केलीच आहे तर लावा," बायको म्हणाली.

त्याने भिंत फोडली, चौकट बसवली. ओळंब्याला केसाचाही फरक नव्हता. झडपांमागे शेजारच्या नव्या विटा होत्या. त्याने कडीला हात घातला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बंद असली की पलीकडे काहीतरी आहे असं वाटतं."

त्याने हात काढून घेतला. मग खाटेशी बसून तो पुठ्ठ्याच्या तुकड्याने तिला वारा घालू लागला.