माझ्या लेकराची वार

"इसका क्या करोगे तुम लोग? सब्ज़ी बनाओगे?"

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि भोवतीची शिकाऊ पोरं-पोरी हसली. एकीला तर आवरेचना. तिच्या तोंडावरचा मास्क बेडकाच्या गळ्यासारखा फुगत होता.

मी टेबलावर पडलेली. पाय अजून वर अडकवलेले. अंगावर साडी नाही. पायाशी अनोळखी तरुण मुलं. मला लाज असेल, हेही कुणाच्या मनात आलं नाही. बाजूला हिरव्या कापडात माझं पहिलं लेकरू. मुलगा. पोटातच गेलेला. आणि बाईंच्या हातात स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये माझी वार, जिनं पोटात लेकराला पोसलं ती.

दारात माझी सासू. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. कोरं मडकं छातीशी धरून उभी. तिनं एवढंच म्हटलं होतं, "बाई, वार आमाले द्या. लेकरासंग पुरा लागते." आयाबाईनं ते हिंदीत सांगितलं. त्यावर ही सब्जी.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतीवाले. नवरा भिलाईच्या पोलादाच्या प्लांटात ठेकेदाराकडे, घर तिथल्याच खुर्सीपारात. गाव सुटलं, रीत सुटली नव्हती. जिवंत लेकराची वार हळद-मीठ लावून मडक्यात घालायची आणि अंगणात पुरायची. लेकरू गेलं असलं तर दोघांना एकाच खड्ड्यात.

"नऊ महिने दोघं संग राहिले. आता एकट्याले कावून धाडता?" आत्याबाईंनी हेही विचारलं. आयाबाईनं ते हिंदीत सांगितलंच नाही. हसण्याच्या गोंधळात राहून गेलं.

"ये देखो," बाई पोरांना म्हणाल्या. "ये सफ़ेद, सख़्त हिस्सा. यहाँ ख़ून पहुँचा ही नहीं. ब्यूटीफुल! एकदम किताब वाला केस. रिसर्च में रखेंगे."

ब्यूटीफुल. माझ्या त्या बाळंतपणात कौतुकाचा शब्द तेवढा एकच. तोही वारेच्या वाट्याला आला.

मी विचारलं, "मैडम, मेरा बच्चा कायको मरा?" माझ्या हिंदीला घरचे आजही हसतात. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुम नहीं समझोगी. आराम करो."

वार औषधाच्या पाण्यात, बरणीत गेली. लेकरू एकटं मातीत गेलं. आत्याबाई मडकं परत घेऊन आल्या. रिकामं मडकं घरात बरं नाही, म्हणून त्यांनी त्यात मीठ भरलं. त्या मडक्यातल्या मिठानं आमच्या घराची कितीक वर्षं भाजी झाली. म्हणजे बाईंचं म्हणणं खरंच झालं म्हणायचं.

मी तशी बोलघेवडी बाई. लग्नाकार्यात मला बोलावतात ते किस्से ऐकायला. नवऱ्याची सायकल नाल्यात कशी गेली, आत्याबाईंनी इस्त्रीवर पोळी कशी शेकली. मी बोलायला लागले की माणसं वाढून घेतलेलं ताट हातात धरून उभी राहतात. पण वारेची गोष्ट कधी सांगितली नाही. तिच्यात हसायच्या जागा दुसऱ्यांनी आधीच घेतल्या होत्या.

दुसऱ्या वेळी त्या दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. माहेरी गेले. पल्लवी झाली, सुखरूप. तिची वार माझ्या बापाच्या अंगणात आहे.

पल्लवी मोठी झाली. लग्न होऊन भिलाईतच, जुनवानीत गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात माझ्याकडे आली. एका सकाळी उठली तर तोंड सुजलेलं. पायात चप्पल जाईना.

"आई, डोकं फुटून राहिलं. डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले."

मी तिच्या बापाला ओरडले, ऑटो आणला, निघालो. ज्या दवाखान्यात असल्या अवघड बाळंतपणाच्या बाईला घेतात तो तोच, माझ्या पहिल्या वेळचा. तिथला लांब व्हरांडा आता गुळगुळीत झालेला. भिंतीवर मोठी चौकट, चौकटीत रंगीत फोटो. लालजांभळं काहीतरी, मधून नाळ निघालेली, कडेला पांढरे डाग. वार. पाय थांबले. माझीच असेल असं नाही. वारेला नाक-डोळे थोडेच असतात ओळखायला.

आत बाई त्याच. केस आता लालसर रंगवलेले. आवाज तोच. मी ओळखलं. त्यांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. माझं तोंड त्यांनी तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पल्लवीचं बीपी पाहून त्यांनी ओठ आवळले. भोवती पुन्हा शिकाऊ पोरं. पोरं नवी, घोळका तोच.

"पेशंट की माँ कौन? तुमको पेट से थी तब बीपी था? कोई बच्चा ख़राब हुआ?"

"एक मरा. पेट में."

"क्यों मरा?"

"मालूम नहीं."

बाई पोरांकडे वळल्या. "सुना? अपना बच्चा क्यों मरा, ये नहीं मालूम. सीरियल में किसकी शादी किससे हुई, वो पूछो, सब बताएगी."

हसली पोरं.

"माँ को ये तकलीफ़ हो तो बेटी को भी हो सकती है. पहले महीने में बताती तो शुरू से दवाई देते, नज़र रखते. माँ हो कि दुश्मन?"

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोरीनं. ती खरंच विचारत होती, आई, तुले माहीत होतं?

मान खाली घालायची मला सवय आहे. घातलीही. खाली फरशी होती, फरशीत माझं सुजल्यासारखं वाकडं तोंड दिसत होतं. आणि एकदम उलगडलं. ह्या बाईला माहीत होतं. ट्रे हातात धरून तिनं परक्या पोरांना दाखवलं होतं, इथं रक्त पोचलंच नाही म्हणून. माझं लेकरू का मेलं हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मला सोडून. आता तेच माझ्याकडे मागत होती, आणि माहीत नाही म्हणून मला दुश्मन म्हणत होती.

"मेरेको किसने बताया?" मी म्हटलं.

"क्या?"

"आपने देखा था. ट्रे में. सफ़ेद, सख़्त. पोरा लोग को बताया. मैंने पूछा तो बोले, तुम नहीं समझोगी. अब मेरेकोच पूछते?"

हसणं थांबलं. बाईंनी चष्मा वर केला. "कौन-सा ट्रे? कब? इतने केस आते हैं, मैं याद रखूँ?"

"मैं तो नहीं भूली."

पल्लवीला सलाईन लागलं. झटके येऊ नयेत म्हणून सुई दिली. सिझर लगेच करायचं ठरलं. सही करून झाली. तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आणखी कागद घेऊन आला. बीपीवर बाईंचा रिसर्च चालू आहे, थोडं रक्त आणि नंतर वार द्यायची. "यहाँ भी साइन."

पल्लवीनं पेन धरलं. दवाखान्यात पेन दिलं की आपण धरतोच.

"थांब पोरी," मी म्हटलं. "आधी विचार."

"काय विचारू?"

"मले जे कोणी सांगतलं नाई, ते."

माझी पोर डोकं धरून उठून बसली. "भैया, इसमें जो निकलेगा वो हमको बताओगे?"

"ये रिसर्च है, दीदी. इसकी रिपोर्ट नहीं मिलती."

"कल मेरी बेटी को कोई पूछेगा, तेरी माँ को क्या था. तब?"

त्यानं कागद चाळला. मागून बाई आल्या. "अम्मा, तुम सिखा रही हो इसको? तुम जैसों की वजह से औरतें मरती हैं. रिसर्च से जान बचती है."

खोटं नव्हतं ते. पोरीच्या शिरेत जे औषध चाललं होतं, तेही कुणाकुणाच्या पोटातून शिकलेलं. म्हणून तर राग जास्त आला. त्या बाया कोण होत्या? त्यांना कुणी विचारलं? कुणी परत येऊन सांगितलं?

मी म्हटलं, "ले लो. एक टुकड़ा ले लो. पर जो दिखेगा वो सामने बैठ के बताना. बाकी हमको देना."

"ऐसे रिसर्च नहीं होती."

पल्लवीनं पेन चादरीवर ठेवलं. "तो फिर नहीं."

ती तरी धड बोलली. माझ्याबद्दल विचारू नका. हातातल्या पिशवीत टिफिनवर टिफिन आपटत होता, सगळा वॉर्ड वळून पाहत होता. एवढी वाजणारी विद्रोही बाई भिलाईनं पाहिली नसेल.

"अगर बच्चे को कुछ हुआ," बाई म्हणाल्या, "तो मेरे पास रोने मत आना."

"आऊँगी," मी म्हटलं. "पूछने आऊँगी."

सिझर झालं. नात झाली. मुठीएवढी, काचेच्या पेटीत, नळ्या लावलेली. पण रडली. पल्लवीचं बीपी सावकाश उतरलं. वार मागितली तेव्हा नर्सनं पिवळी पिशवी हात लांब करून दिली, मेलेला उंदीर द्यावा तशी. आमच्या अंगणात आता सिमेंट आहे. नवऱ्यानं लोखंडी सब्बल घेऊन ते फोडलं. नव्या मडक्यात, हळद-मीठ लावून, पुरली. शेजारणी कुंपणावरून पाहत होत्या. पाहू दे.

मग मी आत आले आणि आत्याबाईंचं जुनं मडकं रिकामं केलं. मीठ डब्यात ओतलं. मडकं पुसलं. ते घेऊन दवाखान्यात गेले, बाईंच्या खोलीत, माझी ती पहिली वार मागायला.

"वो सब कब का फेंक दिया, अम्मा," बाई म्हणाल्या. मान वर न करता.

"वार फेंका होगा. जो देखा वो तो नहीं फेंका ना? वो बताओ."

त्यांनी गार्डला बोलावलं. गार्डनं मला बाहेर बाकावर आणून बसवलं. वाईट नव्हता तो. म्हणाला, "माताजी, घर जाओ." मी बसूनच राहिले. त्या फोटोच्या समोर, मांडीवर मडकं.

तेव्हापासून जाते. नात काचेच्या पेटीतून निघाली, घरी आली, तरी जाते. गार्ड आता हात जोडतो, काही नर्सा मला पागल म्हणतात. बाकावर पोटुशा बाया असतात, त्यातली एखादी विचारते, "काकू, मडक्यात काय हाये वो?" मी सांगते, काही नाही, रिकामं हाये. कावून रिकामं हाये, तेही सांगते. ट्रे, सब्जी, ब्यूटीफुल, सगळं. तिथं कुणी हसत नाही. पेन देतील तेव्हा आधी विचारजो, एवढं शेवटी सांगते. आत जाताना त्या बाया फोटोकडे पाहतात.

बाई रिटायर झाल्या तर त्यांच्या खुर्चीवर जो बसेल त्याला विचारीन. मी नसले तर पल्लवी विचारेल. माझ्या पोटातलं तुम्हाला कळलं, मला नाही. आता आम्हाला सांगितल्याशिवाय आमच्या घरातल्या कुठल्याही पोटातलं तुम्हाला मिळणार नाही.

मीठ डब्यातच आहे. मडकं मला लागतं.